चौथ्या क्रमांकाचं पाणी

३ जानेवारी

ताई,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं असतं तर तू तिथेच पत्राची घडी केली असतीस, आणि ‘प्रिय’ लिहायला सध्या माझा हात धजत नाही. म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचतात, पण तू ते उघडत नाहीस. शेवटी टपाल उरलं.

मी बरा आहे. खोकला आहेच. बायको म्हणते, मी एका जागी पाच मिनिटं बसलेला दिसलो तर ती फोटो काढून ठेवणार आहे. हे पत्रसुद्धा मी आतापर्यंत तीन खोल्यांत लिहिलंय.

तुला नियंत्रण कक्षातून काढून भांडारात बसवल्याचं कळलं. सतरा वर्षं बोर्डासमोर बसून दोन जलाशयांचं पाणी खालीवर करणारी बाई आता नट-बोल्ट मोजते, हे ऐकून वाईट वाटलं. तिथे निदान पाळ्या नाहीत, असं मी बायकोला म्हणालो, तर ती उठून गेली.

मुद्द्यावर येतो. सहा फेब्रुवारीला सुनावणी आहे. निकाल तुझ्याविरुद्ध गेला तर बोर्डावर बसायचा तुझा परवाना कायमचा जाणार, हे मला माहीत आहे. मलाही साक्षीला बोलावलंय. आपल्या दोघांचं बोलणं एकमेकांविरुद्ध जाऊ नये, म्हणून सप्टेंबरात मी चौकशी समितीला जे लिहून दिलं ते खाली उतरवतो. वाचून ठेव.

‘मी निरनिराळ्या देशांच्या नवीकरणीय विजेचा वार्षिक तुलना-तक्ता तयार करतो. तक्त्यात एकतीस देश असतात. कुठल्या देशाची किती टक्के वीज पाणी, वारा आणि ऊन यांच्यापासून येते, त्यावरून क्रम लागतो. आपल्या देशाचे आकडे प्रत्येक वीजकेंद्र आपापल्या फॉर्मवर पाठवतं. सदर केंद्रात खालच्या जलाशयातलं पाणी पंपानं वर चढवतात आणि गरज पडली की पुन्हा खाली सोडून वीज काढतात. ही वीज तक्त्यात धरायची नसते, कारण पाणी वर चढवण्यासाठी आधीच दुसरी वीज, बहुतेक कोळशाची, खर्च झालेली असते. यंदाच्या वार्षिक फॉर्मवर नदीच्या पाण्याची आणि चढवलेल्या पाण्याची वीज मिळून एकच आकडा आला. तो तसाच तक्त्यात गेला आणि आपला देश नवव्यावरून चौथ्या क्रमांकावर दिसला. वजावटीची सूचना फॉर्मवर नव्हती. शेऱ्याचा रकाना कोरा होता.’

एवढंच. यात तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द नाही, हे तुझ्या लक्षात येईलच.

तुझा,
टक्केमास्तर


१४ जानेवारी

ताई,

पत्र परत आलं. पाकिटावर तुझ्या अक्षरात ‘घेणार नाही’. पण पाकिटाला डिंक दोनदा लागलेला होता. म्हणजे उघडलंस, वाचलंस, आणि मग घेणार नाही म्हणालीस. शेवटच्या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस. ‘शेऱ्याचा रकाना कोरा होता’ याच्या खाली. इतकी दाबून की कागद फाटायचाच राहिला. शाळेत तुझी वही अशीच असायची, एका पानावर लिहिलेलं खालच्या तीन पानांवर उमटायचं.

ठीक आहे. रकाना कोरा नव्हता.

हे आपण दोघंच जाणतो, त्यामुळे तुला सांगण्यात काही अर्थ नाही, तरी एकदा हातानं लिहून बघतो. बाबा गेले त्या वर्षी तू पहिल्यांदा महिन्याच्या फॉर्मवर, शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलनं लिहिलंस: ‘जेवतोस ना वेळेवर?’ मी घाबरून चारी बाजूंना पाहिलं, खोडलं, फॉर्म फायलीला लावला आणि पोच पाठवताना कोपऱ्यात बारीक ‘हो’ लिहिलं. मग बारा वर्षं तेच चाललं. ‘स्वेटर विणतेय, छातीचं माप कळव.’ ‘आज वरच्या जलाशयावर बदकं उतरली, पंप सुरू करायला जिवावर आलं.’ ‘मागच्या महिन्यात पोचेवर काही लिहिलं नाहीस, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?’ सरकारी कागदावर बहीणभावाचं हे असलं चाललेलं कुणाला कळलं असतं तर दोघांनाही दाराबाहेर काढलं असतं. माझ्या टेबलाच्या खणात तेवढ्यासाठी एक वेगळं रबर असायचं.

तर वार्षिक फॉर्म आला त्या दिवशी पेन्सिल दिसली आणि मी सवयीनं खोडली. वाचायच्या आधीच. समोर एकतीस देशांचा ढीग होता. एक देश लाकूड जाळून केलेली वीजही नवीकरणीय म्हणून लावतो, दुसरा कचऱ्याची अर्धीच धरतो, तिसऱ्याकडे एकच नदी आणि मूठभर माणसं, त्यामुळे तो बसल्या जागी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर. सगळ्यांना एका मापानं मोजायचं तर डोकं जागेवर राहत नाही. आणि मला सांग, कामाचं कुणी पेन्सिलनं लिहितं का?

तुझा,
टक्केमास्तर


२३ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांत तुझे पहिले शब्द, आणि तेही नोटीस काढल्यासारखे. पुन्हा पुन्हा वाचून पाठ झाले आहेत: ‘कच्चा आकडा पेन्सिलनं, पक्का पेननं, हा बोर्डाचा नियम. मधलं मीटर बंद होतं म्हणून वजावटीचा आकडा कच्चा होता. हे तुला मीच शिकवलंय. सुनावणीला येणार आहेस का आणि खरं बोलणार आहेस का, एवढं लिही.’

शिकवलं होतंस. मी पहिल्यांदा केंद्रावर आलो तेव्हा तुझ्या कानावर पेन्सिल होती आणि खिशाला पेन. मी हसलो तर तू मला आख्खी नोंदवही दाखवलीस. माझ्या लक्षात होतं. गेल्या पत्रातला तो प्रश्न मी उगाच विचारला.

आता सप्टेंबरात झालं ते लिहितो, म्हणजे दुसरं लिहायला जरा वेळ मिळेल. तुला सातवी बाई माहीत आहे. एकतीस देशांत माझ्यासारखे एकतीस आकडेमोडे आहेत, आणि आम्ही एकमेकांना क्रमांकानं हाक मारतो. तिचा देश एकदा सातवा आला तेव्हापासून ती सातवी बाई. मी नववा. कधी भेट नाही, पण दहा वर्षं आम्ही एकमेकांचे आकडे तपासतो. तक्ता निघाल्यावर तिनं फार अदबीनं विचारलं, ‘नववा, गेल्या वर्षी तुमच्याकडे पाऊस कमी पडला असं माझ्याकडच्या कागदांत दिसतं. मग तुमच्या पाण्याची वीज वाढली कशी?’ तिच्या पत्राची एक प्रत आमच्या वरच्या कार्यालयात गेली होती. तिथून चौकशी लागली.

त्याआधी आमच्याकडे काय सोहळा झाला होता म्हणून सांगू. खरं तर पाचव्यापासून नवव्यापर्यंतचे सगळे देश दीड टक्क्यात दाटीवाटीनं उभे आहेत, एकानं कोपर मारलं तर दुसरा खाली येतो. पण ते कोण बघतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुणीतरी मोठा चारचा आकडा काढला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती आठवडाभर दुखत होती. सगळ्या देशांच्या बैठकीत तक्ता मीच मांडणार असं ठरलं. लहानपणी बाबा जेवताना आपल्या दोघांचे मार्क वाचून दाखवायचे आणि दर वेळी तू पुढे असायचीस, ते मला त्या दिवशी आठवलं. आठवायला नको होतं.

चौकशीचा कागद आला तेव्हा साहेबांनी मला आत बोलावून एकच विचारलं, रकान्यात काही होतं का. मी नाही म्हणालो. त्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला. तू विचारलंस, ‘तू वाचलं होतंस ना?’ मी म्हणालो, ‘नाही गं, तिथे काहीच नव्हतं.’ तू फोन ठेवलास. आपटलाही नाहीस, नेहमीसारखा नुसता ठेवलास.

पत्र इथेच संपवणार होतो. खाली जाऊन रस्त्यावरून दोन फेऱ्या मारून आलो. पेटीत टाकण्याआधी पुढचं लिहितो.

मी न वाचता खोडलं, हे खरं आहे. मला काहीच माहीत नव्हतं, हे खरं नाही. एप्रिलमध्ये बेरीज लावताना आपण चौथे आलो. मला ते पटेना. तीनदा बेरीज केली. मग सगळे फॉर्म काढले आणि तुझ्या फॉर्मवर अडकलो, एवढं पाणी तुमच्या नदीत नाही हे मलाही कळतं. फॉर्म खिडकीपाशी नेला आणि तिरका धरला. लहानपणी तुझ्या वहीच्या खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल आडवी फिरवून मी तुझी गणितं उतरवायचो, आठवतं? तू दाबून लिहितेस. मी खोडलं होतं, पण कागदावर खळगे होते. उन्हात सगळं वाचता आलं, आकड्यासकट.

तक्ता निघायला तेव्हा दोन महिने होते. मी फॉर्म फायलीत ठेवला आणि चहा प्यायला गेलो.

सुनावणीला येणार आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देववत नाही.

टक्केमास्तर


१ फेब्रुवारी

ताई,

गेले आठ दिवस मी कामाचा नाही. बसमधून एक थांबा आधीच उतरतो आणि चालत जातो, कारण बसवत नाही. कार्यालयात पाणी प्यायला म्हणून उठतो आणि फायलीच्या कपाटापाशी जाऊन उभा राहतो. फॉर्म आहे ना हे बघतो. आहे. तो कुणी पाहिलेला नाही, कारण समितीला मी झेरॉक्स दिली होती, आणि झेरॉक्समध्ये खळगे येत नाहीत. हेही मला देतानाच माहीत होतं.

खरं सांगतो, दोनदा मनात आलं की हा कागद नाहीसा झाला तर काय. पाण्याचा पेला लवंडला तरी पुरेल. मी पेला हातात घेऊन कपाटाशी उभा होतो. मग तो पिऊन टाकला. हे तुला कळवायची गरज नव्हती, पण थोडं थोडं सांगायची माझी खोड तुला माहीत आहे, म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

साहेब वाईट माणूस नाही. काल म्हणाले, सुनावणीत फार बोलू नका, आहे तेच निवेदन वाचून दाखवा, तक्ता आपण पुढच्या वर्षी गुपचूप सरळ करू. शिवाय तुमच्या बहिणीची नोकरी तर जात नाही ना, भांडारात पगार तोच मिळतो. मी मान हलवली. त्यांच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत मला स्वतःलाही ते पटलं होतं.

घरी येऊन बायकोला तसंच्या तसं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘एकतीस देशांची तू चौकशी करतोस. रक्ताचं माणूस तुला एकच आहे, आणि ते तू खोडून बसलायस.’ मग पुन्हा भाजी चिरायला लागली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. म्हणजे आता तुम्ही दोघी.

तुझ्या परवान्याचा विचार करतो तेव्हा मला एकच दिसतं. तू बोर्डासमोर बसलेली, पंप सुरू करण्याआधी एकदा काचेतून वरच्या जलाशयाकडे बघणारी. मी विचारलं होतं, सगळं मीटरवर दिसतं तर बाहेर कशाला बघतेस. तू म्हणाली होतीस, ‘मीटर मला सांगतं, पण खात्री मला करायची असते.’ भांडारात खिडकी आहे का गं?

मला लाज वाटते. हा शब्द एवढ्या पत्रांत आज पहिल्यांदा लिहिला.

सहा तारखेला दहा वाजता येतो.

तुझा धाकटा


८ फेब्रुवारी

ताई,

परवा बाहेरच्या बाकावर तू भिंतीकडे बघत बसली होतीस. मी समोरून गेलो. तू तुझा नेहमीचा निळा स्वेटर घातला होतास, कोपरावर रफू केलेला. बोलावं असं वाटलं, पण शिपायानं माझं नाव पुकारलं. साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्याला ऐकू द्यायचं नाही म्हणून तुला बाहेरच ठेवलं होतं, त्यामुळे आत काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. कागदोपत्री कळेल त्यात अर्धंच असेल.

लांब टेबलामागे तिघं होते. मधे अध्यक्ष बाई, जाड चष्म्याच्या, समोर झेरॉक्स. साहेब बाजूच्या खुर्चीत. मला निवेदन वाचायला सांगितलं. मी वाचलं. ‘शेऱ्याचा रकाना कोरा होता’ इथपर्यंत वाचलं, आणि खोकल्याची अशी उबळ आली की पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी नेहमीचं विचारतात तसं विचारलं, हे सगळं खरं आहे ना. मी म्हणालो, ‘नाही. शेवटचं वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलंय, आणि मला माहीत असताना लिहिलंय.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पिशवीतून मूळ फॉर्म काढला आणि पेन्सिल मागितली. बाईंनी स्वतःचीच दिली. मी ती आडवी धरून रकान्यावर हलक्या हातानं फिरवली. एका कोपऱ्यात जरा जास्त काळं झालं. पण अक्षरं वर आली ताई, करड्यावर पांढरी, तुझी काना-वेलांटीसुद्धा.

अध्यक्ष बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि वरून सुरुवात केली. मोठ्यानं. ‘खोकल्याचं औषध संपलं असेल, नवीन आण, आळस करू नकोस.’ टेबलाच्या टोकाचा माणूस हसला. बाई पुढे वाचत गेल्या. ‘मधलं मीटर बंद. वरच्या आकड्यात चढवलेल्या पाण्याची वीज धरलेली आहे, ती वजा करावी.’ पुढे आकडा. तो त्यांनी दोनदा वाचला. हसणाऱ्या माणसानं तो उतरवून घेतला.

मग त्यांनी मला विचारलं की हे मला केव्हापासून माहीत आहे. मी एप्रिल सांगितलं. बहिणीला बोर्डावरून केव्हा काढलं, असं विचारलं. सप्टेंबर सांगितलं. आज कोणता महिना आहे, हे त्यांनी विचारलं नाही, पण टेबलावर बोटं मोजली. मी त्या बोटांकडे बघत होतो. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही.

फॉर्मवर खाजगी लिहिण्याबद्दल तुला ताकीद मिळेल, एवढं त्या म्हणाल्या. बारा वर्षं चाललं होतं, हेही मी सांगून टाकलं. तुला विचारलं नाही. माफ कर.

बाहेर आलो तेव्हा तुला आत बोलावलं होतं. बाकावर तुझी पिशवी होती. मी पाच मिनिटं तिच्या शेजारी बसलो. मग तू बाहेर यायच्या आत निघालो, कारण तुला माझं तोंड बघावं लागू नये असं वाटलं. हेही थोडं खोटं आहे. मला तुझं तोंड बघायची हिंमत नव्हती.

तुझा धाकटा


२६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र नाही, आणि मी वाट बघतोय असं म्हणायचा मला हक्क नाही. बातम्या तेवढ्या देतो.

तक्ता दुरुस्त होऊन निघाला. आपण नववे. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान कुणीतरी फाडलं, आता तिथे नुसता खिळा आहे. बैठकीला दुसरा माणूस गेला. मला तक्त्यावरून काढून जुन्या फॉर्मांच्या खोलीत दिलंय, दोन वर्षं बढती बंद. खोलीला खिडकी नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. साहेब जिन्यात भेटले की बुटाची नाडी बांधायला वाकतात, आणि त्यांचे बूट नाडीचे नाहीत. सातव्या बाईंनी मात्र चार ओळी धाडल्या: ‘नववा, परत आल्याबद्दल आभार. तुमचा खरा आकडा आला म्हणून मला माझाही एक तपासावासा वाटला, आणि मी आठवी निघाले.’ बायकोला वाचून दाखवलं. ती हसली. माझ्याशी बोलायला तिनं मार्चमध्येच सुरुवात केली होती, आधी मिठाबद्दल आणि मग हळूहळू बाकीचं.

आज दुपारी तक्त्यावरची नवी मुलगी माझ्या खोलीत आली. तुमच्या केंद्राचा महिन्याचा फॉर्म तिच्या हातात होता. तिला वाटलं, मला बघायचा असेल. खाली नियंत्रण कक्षाच्या ओळीवर तुझी सही होती.

मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. ती बिचारी घाबरली.

दोन्ही आकडे वेगवेगळे होते, नदीचं पाणी वेगळं, चढवलेलं वेगळं. शेऱ्यात पेननं लिहिलं होतं, ‘मीटर दुरुस्त. आकडे पक्के.’ बाकी काही नाही. ताकीद मिळाल्यावर तू आणखी काय लिहिणार. मी फॉर्म परत द्यायला हात पुढे केला आणि अंगठ्याखाली कागद खडबडीत लागला. शाईच्या खालची जागा. तिथे तू काहीतरी लिहून स्वतःच खोडलं होतंस.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. टेबलावर पेन्सिल होती. आजवर अशा कागदावर पेन्सिल फिरवायला मी कधी कुणाला विचारलं नाही, ना तुझ्या गणितांच्या वेळी, ना त्या दिवशी समितीपुढे. पण हे तू खोडलंस. म्हणजे ते तुझं आहे. फॉर्म मी तसाच तिच्या हातात दिला आणि सांगितलं की हा नीट सपाट ठेव, यावर काही घासू नकोस.

आता सगळं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो. अंगठा सरकला तेव्हा पहिला शब्द हाताला कळला. तुझं अक्षर मी डोळे मिटूनही ओळखीन. त्याच्यापुढे मी गेलो नाही, शपथ घेऊन सांगतो. पुढे तू औषधाचं विचारलं होतंस की शिवी दिली होतीस, मला माहीत नाही, आणि तू सांगेपर्यंत माहीत करून घेणार नाही.

पहिल्या शब्दाचं उत्तर तेवढं देतो. नवीन औषध आणलं. आळस केला नाही. खोकला बराच कमी आहे, ताई.

तुझा धाकटा